वाहनातील परवानाधारक पिस्तूल व रिव्हॉल्वर (सणसवाडी, ता. शिरूर)

वाहनातील परवानाधारक पिस्तूल व रिव्हॉल्वर : परवान्यावरील लहान अग्निशस्त्र मोटारीतून किंवा दुचाकीवरून नेण्याची कायदेशीर व सुरक्षित रीत. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर पुण्यापासून सुमारे ३० किमी. अंतरावर असलेल्या सणसवाडीत हा विषय निव्वळ पुस्तकी नाही. कारखाने आले, जमिनींचे भाव चढले, कामगार पुरवठा, पाण्याचे टँकर आणि भंगार यांच्या ठेक्यांवरून चुरस लागली. रांजणगाव–शिक्रापूर–चाकण या पट्ट्यात जिवाला धोका असल्याचे सांगून परवाना मागणारा माणूस शेतकरी असेल, ठेकेदार असेल किंवा उद्योजक. त्याचा निम्मा दिवस गाडीत जातो. मग शस्त्रही गाडीतच राहू लागते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

परवाना माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. या विषयातले जवळजवळ सगळे नियम एवढ्या एका गोष्टीवर उभे आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. परवान्यासाठी वय किमान २१ लागते. सणसवाडीच्या रहिवाशाला परवाना पुण्याचे जिल्हादंडाधिकारी देतात; पुणे शहर व पिंपरी-चिंचवड आयुक्तालयांच्या हद्दीत तो अधिकार पोलीस आयुक्तांचा. सामान्य नागरिकाकडे साधारणपणे .३२ बोअरचे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल असते, ९ मि.मी.चे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये मोडते. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे .३२ चे सहा घरांचे रिव्हॉल्वर देशभर परिचयाचे आहे, आणि गुन्ह्यांच्या पंचनाम्यांत काडतुसाच्या बुडावरचा ‘के.एफ.’ हा ठसा वारंवार नोंदला जातो. तो सणसवाडीपासून तासा-दीड तासावर असलेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा.

सणसवाडीतून गाडी निघाली की हद्दी भराभर बदलतात. पुण्याकडे जाताना कोरेगाव भीमाचा पूल ओलांडला की पेरणे येते. हे गाव ज्या लोणीकंद पोलीस ठाण्यात आहे, ते २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयाला जोडलेले आहे. शिक्रापुरावरून चाकणकडे वळले तर पिंपरी-चिंचवड आयुक्तालय लागते. उलट दिशेला शिरूरजवळ घोडनदी ओलांडली की जिल्हाच बदलतो. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे हे त्याच्यावरच लिहिलेले असते. परवाना फक्त पुणे जिल्ह्यापुरता असेल, तर घोडनदीच्या पलीकडे तेच शस्त्र बेकायदा ठरू शकते. ज्याला कामासाठी नेहमी सुपे किंवा अहिल्यानगर गाठावे लागते, त्याने क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज आधी करावा. पुलावर अडवल्यावर सांगितलेले कारण तिथे उपयोगी पडत नाही.

शस्त्र कसे न्यावे हे शस्त्र नियम, २०१६ मध्ये स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर अंगाला बांधलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या म्यानात म्हणजे होल्स्टरमध्ये, नाहीतर पाठपिशवीसारख्या पिशवीत असावे. ते पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा. डॅशबोर्डवर ठेवलेले पिस्तूल झाकलेलेही नसते आणि ताब्यातही नसते. दाराच्या कप्प्यातले किंवा सीटखालचे शस्त्र ब्रेक लागताच पुढे घसरते आणि नेमके पेडलच्या वाटेत येते. सीट आणि हँडब्रेक यांच्यामधली फट तर सर्वांत वाईट जागा आहे: तिथे हात घालताना बोट चापावर जाते आणि पट्ट्याचे बक्कल नळीला अडकते. शस्त्र अंगावर असेल तर गाडीत बसण्यापूर्वीच ते नीट बसवावे. सीटबेल्ट लावल्यावर त्याला पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये.

शस्त्र वापरायला नाही, फक्त न्यायचे असेल (दुरुस्ती, नूतनीकरण, पोलीस ठाण्यात जमा करणे), तर ते रिकामे करूनच न्यावे. पिस्तुलाच्या बाबतीत मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज जीवघेणा आहे. मॅगझिन काढल्यावरही एक काडतूस चेंबरमध्ये असू शकते. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, मॅगझिन काढायचे, स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. हा क्रम चुकवायचा नाही. रिव्हॉल्वर उघडून सहाही घरे मोजावीत. हे काम घरात, निवांतपणे आणि एकट्याने करावे. गाडीत, अंधारात, कोणाशी बोलत कधीही करू नये. काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवावीत. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे अभिनेते गोविंदा प्रवासाला निघण्याच्या तयारीत असताना त्यांचेच परवानाधारक रिव्हॉल्वर हातातून पडले आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली. शस्त्र घरातून गाडीपर्यंत नेतानाची ती चार-पाच मिनिटे सर्वांत धोक्याची असतात, हे त्या एका बातमीने महाराष्ट्राला दाखवले.

गाडी उभी केल्यावर शस्त्र आत सोडू नये. धाबा, लग्नाचा हॉल, गॅरेज, वॉशिंग सेंटर या ठिकाणी गाडीची किल्ली सहज दुसऱ्याच्या हातात जाते. कंपनीच्या गेटवर शस्त्र आत नेऊ देणार नाहीत हे माहीत असेल, तर त्या दिवशी ते घरच्या कुलूपबंद कपाटातच राहू द्यावे. डिकीत जडवलेली लोखंडी पेटी असणे काहीच नसण्यापेक्षा बरे, पण पेटी म्हणजे प्रत्यक्ष ताबा नव्हे. मुले ज्या गाडीत बसतात तिच्यात तर शस्त्र एक क्षणही एकटे सोडू नये.

चालकाचा प्रश्न इथेच येतो. अनेक मालक जेवायला उतरताना पिस्तूल चालकाकडे देतात. कायद्याने ही मुभा फार अरुंद ठेवली आहे. कलम ३ प्रमाणे परवाना नसलेली व्यक्ती दुसऱ्याचे शस्त्र परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानेच नेऊ शकते, आणि तेही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या परवानाधारकाच्याच वापरासाठी. तोंडी ‘जरा सांभाळ’ याला अर्थ नाही. हक्क नसलेल्याच्या हाती शस्त्र देणे हा देणाऱ्याचाही स्वतंत्र गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची ज्या पिस्तुलाने हत्या झाली, ते पोलीस तपासानुसार हल्लेखोराच्या नावावर नव्हते. त्याच्या अंगरक्षकाचे होते. दुसऱ्याच्या हाताला लागेल अशा जागी राहिलेल्या शस्त्राचा हा सर्वांत वाईट शेवट.

नाकाबंदीत पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त होऊ शकते. म्हणून मूळ परवाना जवळ असावा आणि शस्त्रपरवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट क्रमांक त्यावर चढवलेला असावा. गाडी थांबवली की आतला दिवा लावावा, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत, शस्त्र आहे आणि ते कुठे आहे हे आधी तोंडाने सांगावे. ते काढून दाखवण्याची घाई करू नये. अधिकारी सांगेल तसे करावे. परवाना असला म्हणजे सारे संपले, असे समजणाऱ्यांनी कलम २० वाचावे. परवाना असो वा नसो, गैरहेतूचा रास्त संशय यावा अशा रीतीने शस्त्र नेणाऱ्याला विनावॉरंट अटक करता येते. परवान्याच्या अटींचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. विनापरवाना शस्त्राला २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड आहे. निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीत गाडीच्या छतातून हवेत बार काढणारा यातच येतो. धाक दाखवणेही पचत नाही: मुळशी तालुक्यातील जमिनीच्या वादात पिस्तूल दाखवल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये पसरली, आणि परवाना असूनही गुन्हा दाखल झाला.

जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शाळा-महाविद्यालयाचे आवार येथे खास परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, ही परवान्यावरचीच अट आहे. रांजणगावच्या महागणपतीच्या उत्सवाला किंवा गावच्या यात्रेला निघालेल्या गाडीत म्हणूनच पिस्तूल नसावे. १ जानेवारीला पेरण्याच्या जयस्तंभाला अभिवादनासाठी लाखोंचा समुदाय येतो. २०१८ साली त्या दिवशीच्या हिंसाचाराची झळ सणसवाडीलाही बसली आणि एका तरुणाचा जीव गेला. तेव्हापासून या दिवसांत बंदोबस्त कडक असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश असेल, तर त्यात कोणाला सूट आहे ते वाचल्याशिवाय शस्त्र घेऊन निघू नये. निवडणुकीत छाननी समिती ज्यांना सांगते त्यांना शस्त्र ठाण्यात जमा करून पावती घ्यावी लागते.

शिरूर तालुक्यात उसाच्या पट्ट्यातून रात्री गाडी नेताना बिबट्याची भीती खरी आहे. तरी पिस्तूल त्यावरचा उपाय नाही. बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि घाबरून मारलेली लहान बोअरची गोळी त्याला मारण्याऐवजी जखमी करून गावाजवळ सोडते. काचा वर करून गाडी पुढे काढावी.

शस्त्र गाडीतून चोरीला गेले किंवा हरवले तर ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. शस्त्राचा क्रमांक, बनावट, बोअर, काडतुसांची संख्या आणि परवाना क्रमांक यांची नोंद गाडीत नव्हे तर घरी ठेवावी, म्हणजे तक्रार पहिल्याच तासात पूर्ण देता येते. सणसवाडीसाठी ठाणे शिक्रापूरचे. मात्र चोरी वाघोलीत झाली की सणसवाडीत हे ठरत नसेल, तरी थांबू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते.