मॉरिशसचें पाहुणें कासव

असोद्यासारख्या खानदेशी गांवांत कासव म्हटलें, कीं महादेवाच्या देवळांत नंदी व गाभारा यांच्यामध्यें बसविलेलें दगडी कासव डोळ्यांपुढें येतें. त्याला वंदन करून मग देवाचें दर्शन घ्यावयाचें, ही रीत. ज्या बेटांवर खरींखुरीं अजस्र कासवें पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतीं, तेथें मात्र त्यांच्या वांट्याला हा मान आला नाहीं.

मॉरिशसचें नांव मराठी माणसाला परकें नाहीं. १८३४ पासून गिरमिटांत बांधलेले मजूर हिंदुस्थानांतून तेथें गेले. त्यांत रत्नागिरीकडील कुळेंहि होतीं. त्यांचे वंशज आजहि तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. परंतु हीं कुळें उतरलीं तेव्हां मुख्य बेटावरचीं मूळचीं कासवें केव्हांच नाहींशीं झालीं होतीं.

१५९८ सालीं तेथें डच आले. माणसाला भिऊन पळण्याची कासवांना संवय नव्हती, आणि पळूं म्हटलें तरी तें साधणारें नव्हतें. रॉड्रिग्ज या शेजारच्या बेटावर १६९१ ते १६९३ पर्यंत राहिलेल्या फ्रान्स्वा लेगा या फ्रेंच गृहस्थानें लिहून ठेविलें आहे, कीं कासवांचे कळप इतके दाट असत, कीं जमिनीला पाय न लावतां त्यांच्या पाठींवरून शंभराहून अधिक पावलें चालत जावें! पुढें फ्रेंच अमलांत तेथून हजारों कासवें जहाजें भरभरून मॉरिशसला आणलीं गेलीं. अन्नपाण्यावांचून महिनेच्या महिने जगण्याचा त्यांचा गुणच त्यांच्या मुळावर आला. खारवलेल्या मांसाला विटलेल्या खलाशाच्या दृष्टीनें जहाजाच्या पोटांतलें जिवंत कासव म्हणजे न नासणारी शिधासामुग्रीच होती. मागें राहिलेलीं अंडीं व पिलें डुकरांनीं आणि उंदरांनीं फस्त केलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या बेटांवरील मूळच्या जाती संपल्या.

याच सुमारास पोर्ट लुईच्या लष्करी बराकींत एक कासव सुखानें राहत होतें. मारियों दु फ्रेन या दर्यावर्दीनें तें १७६६ सालीं सेशेल्स बेटांतून आणिलें होतें. १८१० मध्यें फ्रेंच गेले, इंग्रज आले, कासव तेथेंच. कोंकणची माणसें बंदरांत उतरूं लागलीं, तींहि त्याच्या हयातींतच. अखेर १९१८ सालीं, दृष्टि गेलेली असतां, तोफेच्या खड्ड्यांत पडून तें मेलें. बेटाच्या स्वतःच्या कासवांना जो आसरा लाभला नाहीं, तो या पाहुण्याला १५२ वर्षें लाभला.

हिंदी महासागरांत रानटी स्थितींत अशीं कासवें उरलीं तीं अल्दाब्रा बेटावर. तेंहि झाडतोडीसाठीं पट्ट्यानें देण्याचें घाटत होतें. तेव्हां १८७४ मध्यें चार्ल्स डार्विनप्रभृति शास्त्रज्ञांनीं मॉरिशसच्या गव्हर्नरास पत्र लिहून तेथील कासवें राखण्याची विनंती केली. आज अल्दाब्रावर सुमारें एक लाख कासवें आहेत.

मॉरिशसच्या किनाऱ्यालगत इल-ओ-एग्रेत नांवाचें लहानसें बेट आहे. २००० सालीं तेथें अल्दाब्रा जातीचीं कांहीं कासवें आणून ठेवण्यांत आलीं. तेथील आबनुसाचीं झाडें पूर्वीं जळणासाठीं तोडलीं गेलीं होतीं. उरलेल्या झाडांचीं फळें बुंध्याशींच पडून राहत. तीं गिळून दूर नेणारा प्राणीच उरला नव्हता. पाहुण्या कासवांनीं तीं खाल्लीं. त्यांच्या पोटांतून निघालेलें बीं अधिक चांगलें रुजलें, आणि तोड झालेल्या उघड्या जागेंत आबनुसाचीं रोपें पुन्हां वर येऊं लागलीं.