जर्दाळू : परसातल्या झाडाची निगा

जर्दाळू हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ‘जर्द’ म्हणजे पिवळे आणि ‘आलू’ म्हणजे आलुबुखार. पारशी स्वयंपाकातील जर्दाळू घातलेल्या मटणामुळे आणि सुक्या मेव्याच्या दुकानांमुळे मुंबई-पुण्याला हे फळ परिचित आहे; झाड मात्र फारसे कोणी पाहिलेले नसते. भारतात ते घरोघरी पाहायचे असेल तर लडाख गाठावे लागते. कारगिल, सिंधूकाठचा शाम प्रदेश, तसेच १९७१च्या युद्धात भारताकडे आलेले तुर्तुक येथे सुमारे २,७०० ते ३,३०० मीटर उंचीवर घराला लागूनच जर्दाळूच्या बागा असतात. लडाखीत या फळाला ‘चुली’ म्हणतात.

या झाडाची सारी निगा थंडीभोवती फिरते. हिवाळ्यात सात अंश सेल्सियसच्या खाली काही शे तास काढल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. म्हणूनच पुण्यात हौसेने बी लावली, तर रोप कदाचित उगवेल, पण फळाची आशा धरू नये. गंमत अशी, की हीच थंडी पुढे त्याच्या मुळावर येते. वसंताची चाहूल लागताच, पाने फुटण्याआधी, जर्दाळू फुलतो. मिटलेली कळी बरीच थंडी सोसते. पूर्ण उमललेल्या फुलांना मात्र उणे दोन-तीन अंशांपासून इजा होऊ लागते आणि नुकत्याच धरलेल्या फळाला त्याहून थोड्या कमी थंडीनेही. एका रात्रीत वर्षाचे पीक जाऊ शकते.

त्यामुळे जागेची निवड खताहून महत्त्वाची. थंड हवा जड असल्याने खोलगट भागात साचते. तेथे झाड लावू नये, किंचित उतार बरा. घराची दगडी भिंत दिवसाची ऊब रात्री परत देते, म्हणून तिच्या आसऱ्याची जागाही चांगली. गारठ्याचा अंदाज असल्यास आदल्या दिवशी जमीन भिजवावी. कोरड्या मातीपेक्षा ओली माती उष्णता अधिक साठवते. पाणी साचणारी चिकण जमीन मात्र या झाडाला मुळीच मानवत नाही. दोन झाडांत साधारण सहा मीटर अंतर ठेवावे.

बीपासून वाढवलेले झाड आईसारखे फळ देईलच असे नाही. म्हणून कडू बियांची रोपे खुंट म्हणून वापरून त्यांवर चांगल्या जातीचा डोळा भरतात. बी शरद ऋतूतच पेरावी, कारण दोन-तीन महिने थंड ओलावा मिळाल्यावरच ती रुजते. कलमी झाड साधारण तीन-चार वर्षांत फळू लागते. काही जातींना परागीभवनासाठी दुसऱ्या जातीचे झाड जवळ लागते. ही चौकशी रोप घेतानाच करावी.

लडाखमध्ये पाऊस वर्षाला जेमतेम दहा सेंटिमीटर. बाग हिमनद्यांच्या पाण्यावर, पाटांतून जगते आणि पाण्याची पाळी गावाने नेमलेला ‘चुरपोन’ ठरवतो.

फळे आखूड फांद्यांवर येतात आणि या फांद्या तीन-चार वर्षांत थकतात. म्हणून दरवर्षी थोडे जुने लाकूड काढावे. छाटणी कोरड्या हवेतच करावी. ओल्या हवेत जखमेतून बुरशी शिरते. फळे गोटीएवढी झाली, की पाच ते आठ सेंटिमीटरवर एक ठेवून बाकीची विरळावीत. जिवावर येते खरे, पण न विरळलेल्या झाडाची फळे बारीक राहतात आणि भाराने फांद्याही मोडतात.

काढणीनंतर लडाखात फळे सपाट छपरांवर उन्हात वाळत घालतात. ‘हलमान’ ही तेथील नावाजलेली जात. ‘रक्त्से कार्पो’ म्हणजे पांढऱ्या बीची. या दुसऱ्या जातीला २०२२मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या बीतला गर गोड असतो, त्यामुळे तो बदामासारखा खाता येतो.

कडू गराची गोष्ट वेगळी. त्यातील अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होते. प्रौढ माणसानेही तीनहून अधिक लहान कच्चे गर एका वेळी खाणे सुरक्षित नाही, असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६मध्ये दिला. लहान मुलाला एकच गर घातक ठरू शकतो. लडाखमध्ये कडू गराचे तेल काढून त्वचेला आणि केसांना लावतात.