काळ्या कातळाची बाराखडी

कॉलेजात भूशास्त्र घेतलेल्या मुलांची पहिली सहल महाराष्ट्रात बहुधा घाटातच जाते. पाठीवर सॅक, हातात हातोडा, खिशात भिंग आणि कुणातरी एकाच्या ताब्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली. मुलं दगड फोडायला अधीर झालेली असतात. शिक्षक मात्र वळणावर थांबवतात, समोरच्या डोंगराकडे बोट दाखवतात आणि पायऱ्या मोजायला सांगतात. कडा, मग उतार; पुन्हा कडा, पुन्हा उतार. आम्लाच्या बाटलीचा इथे फारसा उपयोग नसतो. काळ्या पाषाणावर थेंब टाकला तर तो ढिम्म राहतो. एखाद्या पोकळीत कॅल्साइट असेल तरच फसफसतो.

या दगडाला पुस्तकात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत ‘ट्रापा’ म्हणजे जिना, आणि पायऱ्यापायऱ्यांच्या काळ्या डोंगरांना युरोपातले खाणवाले तेच नाव वापरत. याच दगडाच्या पोकळ्यांत जे पांढरे, गुलाबी, हिरवे स्फटिक सापडतात त्यांना ‘झिओलाइट’ हे नाव दिलं तेही क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने, १७५६ मध्ये; तापवल्यावर हे खनिज उकळल्यासारखं दिसतं म्हणून. सह्याद्रीच्या बारशाला आत्याबाई आल्या त्या थेट स्वीडनहून.

नाव मिळालं, तरी हा दगड झाला कसा याचा निकाल लागायला वेळ लागला. अठराव्या शतकाच्या अखेरीला भूशास्त्र शिकायचं तर फ्रायबर्गला जायचं, असा रिवाज होता. सॅक्सनीतल्या त्या खाणकाम अकादमीत आब्राहाम वेर्नर शिकवत. बेसॉल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, समुद्राच्या पाण्यातून खाली बसलेला दगड आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. वेर्नर फारसे कुठे फिरले नाहीत. फिरले ते त्यांचे विद्यार्थी. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात देमारे नावाच्या अभ्यासकाने बेसॉल्टचे थर विझलेल्या ज्वालामुखींच्या तोंडापर्यंत माग काढत नेले होते. वेर्नरांचा लाडका शिष्य लेओपोल्ड फोन बुख तिथे गेला, त्याने ते डोळ्यांनी पाहिलं आणि गुरूचं मत हळूहळू सोडलं. आजही पहिल्या वर्षाच्या पुस्तकात अग्निजन्य खडकांचं प्रकरण आलं की हे भांडण दोन ओळींत उरकलेलं असतं. खरं तर दगड वर्गात बसून वाचता येत नाही, हा या विषयाचा पहिला धडा त्या भांडणातच आहे.

दख्खनचा दगड युरोपच्या विद्वानांपुढे नीट मांडला तो एका लष्करी अधिकाऱ्याने. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होते. पिकं, पर्जन्यमान, पक्षी, मासे, सारं काही त्यांच्या वहीत होतं. त्याच फिरतीत थरावर थर पसरलेला बेसॉल्ट त्यांनी पाहिला आणि लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे ‘दुख्खन’च्या एका भागावर निबंध ठेवला, तो १८३६ मध्ये छापून आला. साइक्सनी ज्या आडव्या, लांबच लांब थरांचं वर्णन केलं, ते ओव्हेर्न्यमध्ये मिळणाऱ्या उत्तराशी जुळत नव्हते. इथे शंकूसारखा ज्वालामुखीच दिसत नव्हता. हे थर जमिनीच्या लांब भेगांमधून उसळलेल्या लाव्हाचे असावेत, ही कल्पना पुढे रुजली. आज उरलेला ट्रॅपचा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि महाराष्ट्राची चार पंचमांशांहून अधिक भूमी त्याच्या खाली दबलेली आहे.

थरांच्या मध्ये काय आहे, हा पुढचा प्रश्न. आणि तो सगळ्यात गमतीदार ठरला. दोन लाव्हांच्या मधल्या काळात पाऊस पडत होता, तळी साचत होती, झाडं उगवत होती. ट्रॅपच्या पूर्वेकडच्या भागात जॉन माल्कमसन यांना गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले. मुंबईत वरळीच्या टेकडीत तर इवल्याशा बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन या प्रसिद्ध शरीररचनाशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज जिथे काचेच्या इमारती आहेत तिथे कधीतरी एका उथळ तळ्यात बेडूक डराव डराव करत होते, आणि त्या तळ्यावर लाव्हा आला.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप हे या कामातलं सर्वांत हृद्य नाव. स्कॉटिश मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये आले, शाळा चालवली, आणि सुट्टीच्या वेळात टाकळीच्या परिसरात दगड फोडत राहिले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत १८५५ मध्ये त्यांनी नागपूर परिसराच्या भूरचनेवर आणि जीवाश्मांवर लेख लिहिला. फळं, बिया, किडे, शिंपले, सगळं त्यांनी पेटीत भरून इंग्लंडला धाडलं. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना एका ओढ्यात ते बुडाले. पुढे त्यांच्या नावाने कॉलेज निघालं. तिथे शिकणाऱ्या किती मुलांना ठाऊक असतं की हिस्लॉपसाहेब आधी दगडवाले होते, कोण जाणे.

त्याच १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली. पंचवीस बोगदे खोदताना कामगारांच्या छिन्नीखाली जी काळी भिंत फुटली तिच्या पोकळ्यांत अपोफायलाइट, स्टिल्बाइट यांचे झुंबरासारखे घोस निघाले आणि युरोपच्या संग्रहालयांत जाऊन बसले. खनिजशास्त्राचा वर्ग त्यावर आजही चालतो. पुण्याच्या वाघोलीतल्या खाणींनी तर गेल्या काही दशकांत कॅव्हन्साइट हे गडद निळं खनिज पुरवलं. जगात ते पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं. पण संग्राहकांना हवं असतं ते वाघोलीचं.

वर्गात हे सगळं कधी आलं? १८५१ मध्ये टॉमस ओल्डहॅम कलकत्त्याला आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं काम सुरू झालं. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये देशाच्या भूरचनेचा भला मोठा ग्रंथ काढला, पण तो तज्ज्ञांसाठी होता. कॉलेजात विषय शिकवला जाऊ लागला तो १८९२ च्या सुमारास, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, टॉमस हॉलंड यांच्या हाताखाली. पुस्तकं इंग्लंडची होती. उदाहरणंही तिथली: डोव्हरचा खडू, वेल्सची पाटी, स्कॉटलंडचे वालुकाश्म. मुलांनी हे दगड कधी पाहिलेले नसत.

ही अडचण ज्यांना रोज टोचत होती ते दाराशा नोशेरवान वाडिया. जन्म सुरतचा, शिक्षण बडोदा कॉलेजात, आणि १९०७ मध्ये चोविशीच्या आसपास नोकरी थेट जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात. तिथे पंजाब विद्यापीठाच्या परीक्षेसाठी मुलांना भारताची भूरचना शिकवायची, आणि त्यासाठी विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगं एकही अद्ययावत पुस्तक नाही. वाडियांनी ते स्वतःच लिहिलं. १९१९ मध्ये मॅकमिलनने काढलेल्या ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ची एकामागून एक आवृत्ती निघत राहिली आणि भारतातल्या भूशास्त्राच्या कित्येक पिढ्या त्याच्यावर वाढल्या. वाडिया पुढे सर्वेक्षणात गेले, वायव्य हिमालयाच्या वळणाचा उलगडा केला, १९५७ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. तरी बऱ्याच जणांच्या मनात ते ‘वाडियांचं पुस्तक’ म्हणूनच राहिले. शिक्षकाला यापेक्षा मोठा मान क्वचितच मिळतो.

त्याच पुस्तकातून मुलांना भुसावळची गोष्ट कळली. ट्रॅपच्या खाली कोळसा लागतो का हे पाहायला भुसावळला एक खोल छिद्र पाडण्यात आलं होतं. १,२१७ फूट खाली गेले तरी ट्रॅप संपेना. कोळसा मिळाला नाही, लाव्हाचा तळही लागला नाही. हाती आले ते २९ थर, सरासरी चाळीसेक फूट जाडीचे. लुईस फर्मर यांनी १९२५ मध्ये त्या खडकाचा बारकाईने अभ्यास छापला. सरकारी खर्चाच्या दृष्टीने छिद्र वाया गेलं. घाटातल्या पायऱ्यांचा जमिनीखालचा हिशेब मात्र पहिल्यांदाच नीट मांडला गेला.

विहिरी खणणाऱ्यांना हा हिशेब फार आधीपासून ठाऊक होता, वेगळ्या शब्दांत. वर मुरूम, त्याखाली जाळीदार मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच लाल गेरूसारखा पट्टा, आणि पुन्हा मांजऱ्या. भूशास्त्राच्या पुस्तकातही हेच असतं: लाव्हाच्या थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी जाळीदार होतो, मधला भाग सावकाश थंड होऊन घट्ट राहतो, आणि दोन लाव्हांच्या मध्ये उघड्या पडलेल्या पृष्ठभागाची झीज होऊन तांबडा पट्टा तयार होतो. पाणी कुठे झिरपेल आणि कुठे अडेल हे त्यावर ठरतं. पाणाड्याचा नारळ फिरतो की नाही हा वेगळा वाद, पण मांजऱ्या लागला की खणणारा हुशारतो ते उगाच नाही.

दगडाचं वय हा दुसरा दीर्घ वाद होता. ब्लॅनफर्ड यांच्या मते ट्रॅप क्रिटेशस काळाच्या शेवटचा. वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी छिंदवाड्यातल्या मोहगावकलानच्या वनस्पती-जीवाश्मांवरून तो त्यानंतरच्या, इओसीन काळाचा ठरवला. दोघांकडे पुरावे होते. १९८० च्या दशकात किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून वय मोजलं गेलं, तेव्हा आकडा आला सुमारे साडेसहा कोटी वर्षांच्या पलीकडचा, म्हणजे बरोबर क्रिटेशस जिथे संपतो त्या सीमेवरचा. डायनोसॉर नाहीसे झाले ती सीमा. त्यामागे ट्रॅपचा हात किती आणि मेक्सिकोत कोसळलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

दख्खनच्या दगडाने सर्वांत मोठी साक्ष दिली ती मात्र खंडांच्या प्रवासाची. आल्फ्रेड वेगेनरची खंड सरकतात ही कल्पना १९५० पर्यंत टिंगलीचा विषय होती. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजांचे कण त्या वेळच्या चुंबकीय दिशेत गोठतात. त्या दिशेचा उतार मोजला की दगड तेव्हा कोणत्या अक्षांशावर होता ते सांगता येतं. लंडनच्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या नमुन्यांवर हे मोजलं. मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी ते काम पुढे नेलं. १९५९ पर्यंत त्यांचे निष्कर्ष छापून आले. आकडे सांगत होते की लाव्हा वाहिला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता. पुस्तकात भूपट्ट विवर्तनाचं प्रकरण यायला अजून दशक होतं. दगड मात्र खंडाळ्याच्या घाटात, ट्रकवाले चहा पितात तिथून हाकेच्या अंतरावर होता.

आणि मग चुकीच्या वाचनाची जबर किंमत मोजावी लागली. द्वीपकल्प म्हणजे स्थिर ढाल, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असं वर्गात शिकवलं जाई. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसं मेली. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२ पासून भरत होता. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात याचं जगातलं सर्वांत ठळक उदाहरण म्हणून कोयनेचं नाव पाठ्यपुस्तकात शिरलं. स्थिर ढालही हादरते हा धडा ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपाने आणखी भीषणपणे गिरवून घेतला. जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं धाबं हे त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण होतं, पण हे भूशास्त्राच्या तासाला क्वचित सांगितलं जातं.

दरम्यान घाटातल्या पायऱ्यांना नावं मिळाली होती. १९८० च्या दशकात थरांच्या रासायनिक घडणीवरून त्यांचे गट पाडले गेले, आणि जगभरच्या नियतकालिकांत नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी नावं येऊ लागली. मोठे गट तीन: कळसूबाई, लोणावळा आणि वाई. जपानचा किंवा अमेरिकेचा विद्यार्थी आज ‘आंबेनळी’ हा शब्द अडखळत पाठ करतो. इथल्या मुलांना ही नावं पाठ करायला लागत नाहीत, एवढीच काय ती सवलत.

भुसावळचा अर्धा राहिलेला प्रश्न मात्र कोयनेने सोडवला. भूकंपाच्या मुळाशी जायला कोयना परिसरात नऊ छिद्रं सुमारे दीड किलोमीटर खोल पाडली गेली आणि मग गोठणे इथलं एक छिद्र २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत गेलं. रासाटीला सुमारे ९३० मीटरवर, गोठण्याला १,२४७ मीटरवर काळा पाषाण संपला. किल्लारीला तो अवघ्या ३३८ मीटरवर संपला होता. तिथे लाव्हाच्या खाली आठेक मीटर गाळाचा थर तरी होता. कोयनेत तोही नव्हता. काळा बेसॉल्ट थेट करड्या-गुलाबी ग्रॅनाइटवर बसलेला होता, अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या. अशा जागेला पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ‘विसंगती’ म्हणतात आणि उदाहरण देतात स्कॉटलंडमधल्या सिकर पॉइंटचं, १७८८ मध्ये जेम्स हटनने पाहिलेल्या. कोयनेच्या छिद्रांतून काढलेल्या गाभ्याच्या दंडगोल तुकड्यांवर ती रेषा बोटभर रुंदीची आहे. वर साडेसहा कोटी वर्षं, खाली अडीचशे कोटी, आणि मधल्या काळातला एक कणही नाही.