जेऊरचे ग्रहण आणि चाळीस फुटी कॅमेरा

पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर नावाचे स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी तिथे अंधार पडला. खग्रास सूर्यग्रहण! ते टिपायला पुण्याच्या तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आले होते. आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल तर चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन सातासमुद्रापलीकडून आले होते.

खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याभोवतीचे प्रभामंडल टिपायचे. पण तेवढ्या वेळात सूर्य आकाशात जवळजवळ आपल्या व्यासाइतका सरकतो. चाळीस फुटी नळी कशी फिरवणार? त्यांनी नळी स्थिर ठेवली, आणि छायाचित्राची काचच घड्याळी यंत्राने सूर्याच्या गतीने सरकत ठेवली.

दुसरी अडचण प्रकाशाची. प्रभामंडल सूर्याच्या कडेशी तेजस्वी, तर बाहेर जावे तसे शेकडो पटींनी मंद. काचेवर प्रकाश थोडाच वेळ पडू दिला तर बाहेरचे किरण उमटत नाहीत. फार वेळ पडू दिला तर आतले सारे पांढरेफटक. मग बरोबर वेळ कोणती? एकच अशी नाहीच! म्हणून काचा बदलत गेले: एखादी क्षणभर, एखादी कित्येक सेकंद. चूक झालीच, तर ती काच धुतल्यावर कळणार. तोवर ग्रहण संपलेले. म्हणूनच अशा मोहिमांत आधी कवायत होई. त्याच ग्रहणासाठी विजयदुर्गावर लॉकियर यांनी नौसैनिकांकडून ती करून घेतली होती.

आज दुर्बिणीचा कॅमेरा संगणकाला जोडतात. ‘ड्रायव्हर’ हा त्या दोघांमधला दुभाषी. पुष्कळांची तक्रार असते, ‘गुरू नुसता पांढरा गोळा दिसतो, पट्टे दिसत नाहीत.’ कॅमेरा बिघडलेला नसतो. प्रकाशवेळ ‘स्वयंचलित’ ठेवलेली असते. सभोवतीचा काळोख पाहून यंत्र ती वाढवत जाते. तेव्हा आधी स्वयंचलन बंद करावे. मग प्रकाशवेळ कमी करावी, तरी गोळा पांढराच राहिला तर ‘गेन’ उतरवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत टिपून ठेवावी. दोन एकदम बदलल्या, की गुण कशाने आला ते कळत नाही.

शिक्षकबंधूंनो, मुलांना घेऊन आकाश पाहायला जाल तेव्हा ही कवायत आदल्या रात्रीच करा. गुरू उद्याही उगवेल. ग्रहण मात्र आपल्यासाठी थांबत नाही.