धागा : कलम ४९१ आणि तीन महिन्यांची कैद

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात कवडास येथे एका आश्रमात बौद्धिक अक्षमता असलेली मुले उपासमारीने दगावल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची स्वतःहून दखल घेतली.

सांभाळण्याची जबाबदारी घेतलेल्याने सांभाळलेच नाही, तर शिक्षा किती? १८६० च्या दंड संहितेचे कलम ४९१ सांगते : वय, आजार किंवा मनोविकार यांमुळे असहाय असलेल्याची सेवा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून टाळणाऱ्यास जास्तीत जास्त तीन महिने कैद, २०० रुपये दंड किंवा दोन्ही.

हे कलम ज्या प्रकरणात बसवले गेले, ते पाहण्याजोगे आहे. शेजारचेच कलम ४९० प्रवासात अर्ध्या वाटेत पालखी टाकून पळणाऱ्या भोयांसाठी होते! मालकांच्या सोयीची ४९० व ४९२ ही कलमे १९२५ मध्ये रद्द झाली, ४९१ उरले.

मृत्यू झाल्यास १८७० मध्ये घातलेले ३०४-अ लागू होई. कमाल शिक्षा दोन वर्षे. मात्र मृत्यू हा त्या हयगयीचाच थेट परिणाम असला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाचे सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी १९०२ मध्ये ओंकार रामप्रताप खटल्यात ठरवले. मुंबईतील रंगाच्या कारखान्यात सात कामगार जळून मेले, त्या खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर ३०४-अ खालील दोषसिद्धी रद्द केली. उपासमारीत ही कसोटी अधिकच कठीण, कारण उपाशी देहाला अखेरीस एखादा आजारच नेतो.

उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या तपासणीतून पनवेलच्या बालगृहातील अत्याचार २०११ मध्ये उघड झाले. मार्च २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालकास फाशी सुनावली. फाशीला उच्च न्यायालयाची मान्यता अनिवार्य असते आणि तेथे पुरावा नव्याने तपासला जातो. तेथे खुनाचा आरोप टिकला नाही; बलात्काराबद्दलची दहा वर्षांची कैद कायम राहिली.

२०१५ च्या बाल न्याय कायद्याने संस्थेतील कर्मचाऱ्याच्या क्रौर्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी ठेवली, पण ती बालकांपुरती. वृद्ध वा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी जुने ४९१ आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ झाले आहे : दंड ५,००० रुपये, कैद तीच तीन महिने. जामिनावर असलेल्या आरोपीला एवढी शिक्षा झाली, तर अपील दाखल करता यावे म्हणून शिक्षा देणारे न्यायालयच त्याला सहसा पुन्हा जामिनावर सोडते.