आधी शिक्षक, मग शाळा : इंद्रवेल्लीच्या डोंगरातला धडा

1940 साली जोडेघाटला निजामाविरुद्ध लढणारा गोंड नेता कुमराम भीम मारला गेला, तेव्हा कुठे निजाम सरकारला आजच्या तेलंगणातल्या आदिलाबादच्या डोंगरात काय बिनसले आहे हे तपासण्याची गरज वाटली. त्यासाठी बोलावलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ मारलवाई या गोंड गुड्यात, म्हणजे पाड्यात, येऊन राहिले. आज इंद्रवेल्ली मंडलात असलेल्या केस्लापूरला नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला तोही त्यांच्याच पुढाकाराने, 1940 च्या दशकात. 1943 मध्ये मारलवाईत गोंड शिक्षण योजना सुरू झाली. तिचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. शाळा काढायच्या तर शिकवणार कोण, हा प्रश्न आधी सोडवला गेला. गोंड तरुणांना तिथे शिक्षक म्हणून तयार केले आणि मग ते गुड्यागुड्यात गेले. पहिली पुस्तके गोंडीत निघाली, लिपी देवनागरी ठेवली. या भागाचा बाजार आणि कागदपत्रांचा बराच व्यवहार मराठीतून चाले, त्यामुळे ते सोयीचेच होते. गोंडांमध्ये काम केलेल्या सेतुमाधवराव पगडींनी पुढे गोंडीचे व्याकरण लिहिले. या साऱ्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला, कारण दुसरे कोणी तो करणारच नव्हते. फी देऊ न शकणाऱ्या, विखुरलेल्या वस्त्यांसाठी कोणता संस्थाचालक गोंडीचे पहिले पुस्तक छापणार होता?

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. 19 ऑक्टोबर 1882 रोजी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारवर टाकली होती आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत असेही सुचवले होते. 1854 च्या वुडच्या खलित्यापासून खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत होती. तिच्यामुळे शिक्षण बहुजनांच्या दारी गेले नाही, हे फुल्यांना दिसत होते. मारलवाईने साठ वर्षांनी, कदाचित नकळत, त्यांचीच सूचना अमलात आणली.

आता उलटा रस्ता सुचवला जातो. सरकारने शाळा चालवण्याऐवजी पालकांच्या हाती व्हाउचर द्यावे आणि पालकांनी ते हव्या त्या खासगी शाळेत वटवावे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये ही कल्पना मांडली आणि चिलीत पिनोशेच्या लष्करी राजवटीने 1981 मध्ये ती देशभर लागू केली. चिलीला 2015 मध्ये कायदा करून अनुदानित शाळांतली नफेखोरी आणि मुलांची निवडानिवड थांबवावी लागली. त्याच 1981 च्या 20 एप्रिलला इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. सरकारी आकडा 13 मृत्यूंचा. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये असा 1959 चा नियम इथे 1963 पासूनच लागू होता. हक्क कागदावर असणे आणि तो मिळवून देणारी यंत्रणा गावात असणे यांतले अंतर या भागाने फार मोठी किंमत देऊन मोजले आहे. व्हाउचर हाही एक कागदच.

व्हाउचरवाल्यांचा सर्वांत भक्कम पुरावा संयुक्त आंध्रातलाच आहे, म्हणून तो बाजूला सारता येत नाही. 2008 ते 2012 या काळात 5 जिल्ह्यांतल्या 180 खेड्यांत चिठ्ठ्या टाकून व्हाउचरे दिली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी 2015 मध्ये निष्कर्ष छापले : तेलुगू आणि गणितात फरक नाही, हिंदीत खासगी शाळा पुढे आणि दर मुलामागे त्यांचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेवढ्याच शिक्षणाला एवढी बचत होत असेल तर आक्षेप कशाला, असे कोणी विचारेल. पण अभ्यासासाठी निवडलेल्या खेड्यांत खासगी शाळा आधीपासून होती. तीस घरांच्या गुड्यात ती नसते. शिवाय स्वस्ताईचे मुख्य कारण शिक्षकांचा तुटपुंजा पगार हेच होते. अनुसूचित क्षेत्रात शिक्षकांच्या सगळ्या जागा स्थानिक आदिवासींना देणारा 10 जानेवारी 2000 चा सरकारी आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये रद्द केला. सरकारी शाळेतही गोंडी बोलणारा शिक्षक टिकवणे आता कठीण झाले आहे. खासगी शाळेवर तर तशी जबाबदारीच नाही.

पालकांना इंग्रजी हवे असते आणि आश्रमशाळांची दशा वाईट आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे. पालक मूर्ख नाहीत. पण तेलंगणात व्हाउचरची धाकटी बहीण गावांनी पाहिली आहे : ‘बेस्ट अव्हेलेबल स्कूल’ योजना. दलित-आदिवासी मुलांची निवड करून त्यांना खासगी शाळांत घालायचे आणि फी सरकारने भरायची. 2025 मध्ये फी थकली तेव्हा अनेक शाळांनी या मुलांना आत घ्यायला नकार दिला. भांडण सरकार आणि संस्थाचालकांचे, उंबऱ्याबाहेर मात्र मूल. सरकारी शाळेचा निधी थकला तर खडूची टंचाई पडते, दुपारच्या जेवणाचे हाल होतात, पण पटावरून नाव जात नाही. आदिलाबादमधल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांचाही इथे विचार करायला हवा. पट कमी झाला की शाळा बंद करण्याची भाषा सुरू होते, आणि व्हाउचर सर्वांत आधी पटच पळवेल. ती शाळा गेल्यावर मराठी माध्यमाची खासगी शाळा कोणी काढेल असे समजणे भाबडेपणाचे आहे.

इंद्रवेल्लीच्या ग्रामसभांना व्हाउचरची ही सूचना नुसती ऐकून घेण्याची गरज नाही. हे पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला आणि पंचायतीला सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार दिलेला आहे. शाळा व्यवस्थापन समितीने मसुदा करावा, ग्रामसभेने ठराव मंजूर करावा आणि तो उटनूरच्या एकात्मिक आदिवासी विकास संस्थेकडे (आयटीडीए) लेखी पाठवावा. ठरावात नुसता विरोध नको. व्हाउचरला जाणारा पैसा गुड्यातल्या शाळेवर खर्च व्हावा, पहिल्या दोन इयत्तांना गोंडी येणारा शिक्षक मिळावा आणि इंग्रजी त्याच शाळेत नीट शिकवले जावे, एवढे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. नागोबाच्या दरबारात दरवर्षी अर्ज दिले जातात. हा ठराव तिथेही वाचून दाखवता येईल.