नगरपालिकेची शिवण

मागच्या सुट्टीत गावी गेलो होतो. रिक्षातून जाताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने पाटी वाचली, "न-ग-र-पा-लि-का." रिक्षावाले काका हसले. लेक शारजात वाढलेली. तिचं मराठी कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त शिकलेलं. मी म्हटलं, "अगं, नगर्-पालिका." तर लगेच प्रश्न, "मग नगरीला आई नग्री का म्हणते?"

मंडळी, प्रश्न अगदी बरोबर होता. 'नगर'मधला शेवटचा अ आपण उच्चारत नाही. पुढे ई लागली की शेवटच्याऐवजी मधला अ गिळतो आणि 'नग्री' म्हणतो. पण 'पालिका' हा अख्खा शब्द जोडला, तर 'नगर्' तसाच राहतो. 'कमरेला'चं होतं 'कम्रेला', मात्र कमरपट्ट्यात कमर शाबूत! समासाची शिवण कानाला कळते, कागदावर दिसत नाही. अरबीच्या तासाला हिला न लिहिलेले ऱ्हस्व स्वर ओळखून म्हणावे लागतात, आणि घरी लिहिलेला अ गिळायचा.

ऑफिसातल्या डच सहकाऱ्याला हे सांगितलं. त्यांच्याकडेही जोडशब्द सलग लिहितात. त्याने 'क्वार्टस्लागन' हा शब्द सांगितला. क्वार्ट-स्लागन असा तोडला तर पाव-पाव वळसे, क्वार्ट्स-लागन असा तोडला तर क्वार्ट्झ दगडाचे थर!

आपल्या जुन्या मोडीत तर दोन शब्दांमध्येही जागा सोडत नसत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नसत. वाचणारा मराठी बोलणाराच असायचा, त्यामुळे अडत नसे. छपाईबरोबर बाळबोध लिपी सर्वत्र झाली आणि ऱ्हस्व-दीर्घाचे वाद सुरू झाले.

१९६१ साली मराठी साहित्य महामंडळ स्थापन झालं. त्याच्या शुद्धलेखनाच्या चौदा नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली. १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधी संस्कृताप्रमाणे 'कवि', 'रवि' लिहीत. आपण शब्दाच्या शेवटी इकार लांबवतो, म्हणून नव्या नियमांनी 'कवी', 'रवी' केलं. पण समासात पहिलं पद मूळचंच ठेवलं: कविसंमेलन, रविवार. लक्ष्मी मूळचीच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपूजन. म्हणजे इथे तरी शिवण कागदावर थोडीशी दिसते. माझे वडील शेवटपर्यंत 'कवि' लिहीत. ती त्यांची चूक नव्हती, ते शाळेत तसंच शिकले होते.

हे सगळं लेकीला समजावलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाबा, म्हणजे रवीकाका फक्त रविवारी ऱ्हस्व होतात?"